साहाय्य आहे, वाटाड्या नाही

स्वतंत्र व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणाला पहिली ठेच नेहमी भांडवलाच्या अभावाचीच लागते असे नाही. पुष्कळदा ती माहितीच्या अभावाची असते. लघुउद्योजकाला आवश्यक ते साहाय्य एकाच छपराखाली मिळावे, या हेतूने १९७८ साली जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आली. १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. सामान्यतः जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणाबरोबर निवास व भोजनही विनामूल्य मिळते. १ जुलै २०२० पासून अमलात आलेल्या उद्यम नोंदणीलाही शुल्क नाही.

तरीही याच नोंदणीसाठी दलालाला पैसे मोजणारे होतकरू आढळतात. दोष केवळ त्यांचा आहे काय? कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तरुण खेड्यात. मधली वाट दलालाने अडवलेली. शासनाने जे फुकट ठेवले, त्याची किंमत अज्ञान वसूल करते, आणि तीही तुटपुंज्या भांडवलातून!

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक महाविद्यालयाने व सार्वजनिक वाचनालयाने या कार्यालयांचे पत्ते, लागणारी कागदपत्रे आणि कोणत्या कामास शुल्क नाही, हे सांगणारा फलक दर्शनी भागी लावावा. अर्ज भरून देण्यासाठी शिक्षकांनी, लिपिकांनी आठवड्यातून एक तास द्यावा. कागदपत्रे हाताळणे हेच ज्यांचे नित्याचे काम, त्यांना हे जड जाऊ नये. नवी योजना मागण्यापूर्वी, असलेल्या योजनेच्या दारापर्यंत माणूस पोहोचविणे आपल्याच हाती आहे.