रकाना कोण आखतो?

गणेशोत्सवाच्या तोंडावर लालबाग-परळच्या चाळींतून सभासद नोंदणीची जी वही फिरत असे, तिची जागा आता बहुतेक ठिकाणी भ्रमणध्वनीवरील अर्जाने घेतली आहे. कोकणातील ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा असो, गिरगावातील चाळीचे उत्सव मंडळ असो की दादरमधील एखादी ज्ञातिसंस्था. संगणकाची जाण असलेला कोणी तरुण एका संध्याकाळी अर्ज तयार करतो आणि त्याचा दुवा सर्वांना धाडतो. नाव, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल हे रकाने तयार मिळतात. त्यापुढे हवा तो नवा रकाना जोडण्याची आणि तो सक्तीचा करण्याची सोय असते. या सोयीचा वापर कसा होतो, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

वहीला कागदाची मर्यादा होती. पानावर पाच-सहा उभ्या रेषा मारल्या की जागा संपे. गाव, वाडी, खोली क्रमांक आणि वर्गणी एवढ्यावर काम भागे. संगणकावर रेषा मारायला काहीच खर्च येत नाही. त्यामुळे रक्तगटापाठोपाठ जन्मतारीख येते, मग शिक्षण, उत्पन्न, गोत्र, विवाहित की अविवाहित आणि शेवटी आधार क्रमांकही. रक्तदान शिबिर भरवणाऱ्या मंडळाने रक्तगट विचारणे समजू शकते. आरतीच्या वेळा कळवण्यासाठी उत्पन्न कशाला हवे, याचे उत्तर कार्यकारिणीकडे बहुधा नसते. ‘असू द्यावे, पुढे उपयोगी पडेल,’ एवढेच.

नको ते विचारणे हा एक दोष झाला. हवे ते न विचारणे हा दुसरा, आणि त्याची किंमत गिरणगावाइतकी क्वचितच कोणी मोजली असेल. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी कामगारांकडून अर्ज मागवण्यात आले, तेव्हा 1 जानेवारी 1982 रोजी वा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा ही पात्रतेची कसोटी ठरली. गिरणीचे नाव, तिकीट क्रमांक, खाते, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक हे एकेकाळी हजेरीपुस्तकातले कोरडे रकाने. पण सुमारे दीड लाख अर्जदारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या डोक्यावरचे छप्पर त्यांवर अवलंबून राहिले. ज्याचे तिकीट घरच्या पेटीत जपून राहिले त्याची वाट सुकर झाली. ज्याचे हरवले त्याला साक्षी-पुरावे गोळा करत फिरावे लागले.

याच कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका तर कोणत्याच हजेरीपुस्तकात नव्हत्या. घरात चूल पेटवून दहा-पंधरा पुरुषांचे डबे करणाऱ्या बाईचा व्यवसाय कोणत्या रकान्यात लिहायचा? प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाला कागदावर ‘धंदा’ म्हणून जागा मिळाली. आजही सभासद अर्जात स्त्रीसाठी व्यवसायाच्या यादीत ‘गृहिणी’ आणि ‘नोकरी’ एवढेच पर्याय ठेवणारी मंडळे आहेत. घरी शिकवणी घेणारी, पोळीभाजी केंद्र चालवणारी सभासद त्यात कोठे बसते?

नावाचा घोळ याहून रोजचा आहे. बहुतेक तयार अर्ज ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने देतात. मराठी माणसाचे नाव तीन पदांचे. मधले वडिलांचे वा पतीचे. ते कोणी पहिल्या रकान्यात कोंबतो, कोणी गाळतो, आणि मग एकच माणूस यादीत दोनदा उमटतो. त्यात मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतलेल्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा चार पदांत लिहायचे आहे. दोन रकान्यांचा अर्ज ही मुले शाळेत जाईपर्यंत पुरता अपुरा पडलेला असेल.

रकाना दिला की तो भरला जातो, आणि भरला की त्यावरून माणसे निवडली जातात. विवाह जुळवणाऱ्या शादी डॉट कॉम या मुंबईतील कंपनीला जून 2020 मध्ये याचा अनुभव आला. त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय तेथे होती. परदेशातील भारतीय तरुणींनी त्याविरुद्ध स्वाक्षऱ्यांची मोहीम उघडताच ती काढून टाकण्यात आली. काढायचा राहून गेलेला हा जुना अवशेष होता, असा खुलासा कंपनीने केला. तो खराही असेल. पण असा ‘अवशेष’ उगाच निर्माण होत नाही. वृत्तपत्रांतील वधू-वर जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द किती वर्षे छापून येत होता, हे आपण वृत्तपत्रवाल्यांनी तरी विसरू नये.

खुद्द सरकारने या बाबतीत दोन वेगळे निर्णय घेतलेले दिसतात. 2016 च्या आधार कायद्याने धर्म, जात, भाषा, उत्पन्न आणि आरोग्याचा इतिहास ही माहिती आधारसाठी गोळा करण्यास मनाई केली. दुसरीकडे, येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्राने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला. सर्व जातींची अशी संपूर्ण मोजणी याआधी 1931 मध्ये झाली होती. वरकरणी यात विसंगती वाटेल, पण ती नाही. ओळख पटवण्यासाठी जात लागत नाही, समाजाच्या स्थितीचा अंदाज घेण्यासाठी लागते. जनगणनेतील वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधनही कायद्यातच आहे. मंडळाच्या अर्जात मात्र जातीचा रकाना कोणत्या कामासाठी आहे, हे कोठेही लिहिलेले नसते.

2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नेमके हेच विचारतो. संमती घेताना हेतू सांगायचा, आणि त्या हेतूपुरतीच माहिती घ्यायची. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यायची. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी. बालनाट्य स्पर्धेचा अर्जही यातून सुटत नाही. नोंदणी नसलेला व्यक्तिसमूहही ‘व्यक्ती’च्या व्याख्येत येत असल्याने ‘आम्ही काही कंपनी नाही’ हा बचाव फारसा टिकणारा नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी मुख्य तरतुदींच्या पालनासाठी 18 महिन्यांची मुदत दिली. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी वकील नेमले. चाळीच्या मंडळाला वकील परवडणार नाही. त्याने निदान सक्तीच्या प्रत्येक रकान्यासमोर त्याचे कारण एका ओळीत लिहून पाहावे. कारण सुचले नाही तर रकाना काढावा किंवा ऐच्छिक करावा.

हेतू संपल्यावर माहिती पुसण्याची अपेक्षा कायदा करतो, आणि सर्वांत मोठी अडचण तेथेच आहे. जुनी वही खजिनदाराच्या ट्रंकेत असे. खजिनदार बदलला की ती सभेत नव्याच्या हाती दिली जाई. आजचा अर्ज ज्या तरुणाने केला, त्याच्या स्वतःच्या खात्यात तो साठलेला असतो. तो नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला, तर सबंध वाडीच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांक त्याच्यासोबत जातात, आणि खात्याचा परवलीचा शब्द अध्यक्षांना ठाऊक नसतो.