अंतराळवीर तरंगत नाही, तो पडत असतो

२०२५च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १८ दिवस राहून आले. तिथे तरंगतानाची त्यांची चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. ते तरंगत का होते, असे कुणालाही विचारा. ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते ना, म्हणून,’ हेच उत्तर बहुधा मिळेल. शाळकरी मुलेच नव्हे, चांगली शिकलेली मोठी माणसेही हेच सांगतात. पण हे उत्तर चूक आहे.

चूक ओळखायला एक प्रश्न पुरतो. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसेल, तर सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरच्या चंद्राला पृथ्वीभोवती कोण फिरवते? अंतराळ स्थानक तर जमिनीपासून अवघ्या ४०० किलोमीटरवर आहे. समजा, तेवढा उंच मनोरा बांधला आणि ५० किलोच्या माणसाला त्यावर वजनकाट्यावर उभे केले, तर काटा सुमारे ४४ किलो दाखवेल. म्हणजे तिथले गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्यापेक्षा फक्त ११ टक्क्यांनी कमी असते.

मग अंतराळवीर तरंगतो कसा? तो पडत असतो, म्हणून. न्यूटनने याचे फार सोपे चित्र मांडले होते. उंच डोंगरावर तोफ ठेवून गोळा आडवा डागायचा. वेग जितका जास्त, तितका तो दूर जाऊन पडेल. कोणतीही वस्तू सोडल्यावर पहिल्या सेकंदात साधारण ५ मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्याने तिचा पृष्ठभागही ८ किलोमीटर पुढे गेल्यावर साधारण ५ मीटर खाली वळलेला असतो. हवेचा अडथळा नसेल आणि गोळ्याचा वेग सेकंदाला ८ किलोमीटर असेल, तर तो जितका पडेल तितकीच जमीनही खाली सरकेल. गोळा पडतच राहील, पण टेकणार कधीच नाही. यालाच कक्षा म्हणतात. अंतराळ स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने असेच पडत असते आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. यान, माणूस आणि त्याचा पाण्याचा थेंब सगळे एकाच गतीने पडत असल्यामुळे कुणीच कुणावर भार टाकत नाही. हीच वजनरहित अवस्था.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे बरोबर दिले आहे. तरीही पाठ्यपुस्तकातले बरोबर उत्तर परीक्षेनंतर विरते आणि ऐकीव चूक आयुष्यभर टिकते. कारण ते उत्तर मुलांनी वाचलेले असते, पाहिलेले नसते. पाहायला खर्च काहीच नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडा, बोट लावून पाणी भरा, झाकण उघडे ठेवा. बोट काढताच धार लागते. आता बाटली पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली कुणी नाही हे पाहून, सोडून द्या. ती पडत असेपर्यंत धार थांबते! पाणी आणि बाटली सोबत पडत असल्याने पाण्याचा भार नाहीसा झालेला असतो. ही थांबलेली धार ज्या मुलाने पाहिली, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

एका डॉक्टरला याची एवढी काळजी का? कारण भार म्हणजे काय हे न कळल्याचे परिणाम आम्ही वॉर्डात पाहतो. अंतराळात पायांवर भार येत नाही, म्हणून व्यायाम केला नाही तर खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते आणि स्नायूही झिजतात. म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. जमिनीवर याचा अभ्यास करण्यासाठी संशोधक धडधाकट स्वयंसेवकांना कित्येक आठवडे खाटेवर झोपवून ठेवतात, कारण पडून राहिलेल्या शरीरात बरेचसे तेच बदल होतात. आजारातून उठलेल्या आजीला घरचे प्रेमापोटी ‘तू पडून राहा, आम्ही आहोत ना’ म्हणतात, तेव्हा तिच्या हाडांची गतही तीच होते. डॉक्टरांनी उभे राहायची परवानगी दिली असेल, तर तिला धरून चार पावले चालवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

मुलांचे तर याहून महत्त्वाचे. हाडांची आयुष्यभराची पुंजी मुख्यतः विशीपर्यंत साठते आणि ती साठायला धावणे, उड्या मारणे, म्हणजेच हाडांवर भार येणे, आवश्यक असते. तरीही अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण शिकवताना एक तास फळा सोडा आणि बाटली घेऊन गॅलरीत या. खेळाचा तास गणिताला देऊ नका. पालकांनीही अंतराळाची चित्रफीत मुलांसोबत पाहताना उत्तर लगेच सांगू नये. आधी चंद्राचा प्रश्न विचारावा आणि त्यांना विचार करायला थोडा वेळ द्यावा.