फ्लायव्हील हलकं करावं का?



आमच्या नारायणगड परिसरात विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि जुनी डिझेल इंजिनं मागं पडली. तरी त्यांची ती जाडजूड चाकं पोरांना माहीत आहेत. परवा चौथीतल्या एकानं मोबाईलवर जुन्या स्पोर्ट्स कारचा व्हिडिओ पाहून विचारलं, "सर, फ्लायव्हील हलकं केलं की गाडी लवकर उचलती म्हणं. मग आपल्या इंजिनाचं का नाय करीत?"

असा प्रश्न 'अभ्यासक्रमात नाही' म्हणून टाळू नका.

विहिरीवरच्या इंजिनाला बहुधा एकच सिलिंडर. चार स्ट्रोकपैकी एकच ताकद देतो, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा. बाकीचे तीन चाकाच्या जडत्वावर निघतात. ते चाक हलकं केलं तर इंजिन धक्के देत बंदच पडेल. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसी गाडीचं इंजिन १२५० सीसीचं, पण सिलिंडर चार. तिथं दर अर्ध्या फेरीला ताकद मिळते, म्हणून थोडं वजन काढलेलं खपतं. इंजिनाच्या फेऱ्या झटकन वाढतात. फायदा जाणवतो तो खालच्या गिअरमध्ये, वरच्या गिअरमध्ये फारसा नाही. बदल्यात उभी गाडी थरथरते आणि चढावर निघताना बंद पडते.

म्हणून माझं मत असं, की शर्यतीत पळवायची नसेल तर मूळ चाकाला हात लावू नये. हौसच असेल, तरी जुनं बिडाचं चाक लेथवर पातळ करून घेऊ नका. बीड (आमचा जिल्हा नव्हे, धातू!) ताण पडला की तडकतं, आणि हे चाक असतं चालवणाऱ्याच्या पायांजवळ. पोलादाचं नवं घ्या, बॅलन्स करून बसवा, जुनं जपून ठेवा.

वर्गात मात्र लेथ लागत नाही. सायकल उलटी करा. पुढच्या चाकाच्या आऱ्यांना समोरासमोर दोन जड नट तारेनं घट्ट बांधा, आधी मध्याजवळ, मग कडेला. मुलांना लांब उभं करून चाक हळूच फिरवा. वजन तेवढंच, पण कडेला बांधलं की चाक फिरवायला जड जातं आणि थांबायलाही वेळ लावतं. अंतर दुप्पट झालं की त्या वजनाचा परिणाम चौपट होतो, हे सूत्र मोठ्या वर्गासाठी ठेवा.

आमच्या त्या पोरानं नट स्वतःच बांधले. मग म्हणाला, "सर, आता शिलाई मशीनचं चाक बघू."