तिकीट मोफत दिलेत, गाडीचे काय?

माननीय विभाग नियंत्रक महोदय,


ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्टच्या पुढच्यांना अर्धे तिकीट आहे, मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धे आहे. या निर्णयांबद्दल आम्ही सरकारचे मनापासून ऋणी आहोत. पण तिकीट हातात पडल्यानंतर जे घडते, ते आपल्या अखत्यारीत येते. त्याबद्दल आपल्याला तोंडी सांगून झाले, अर्ज देऊन झाले. म्हणून आता चारचौघांसमोर विचारतो आहे.

आम्ही तालुक्याच्या गावातले जुने सोबती. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, परिचारिका, दोघे-तिघे शेतकरी. सवड काढून अधूनमधून सकाळच्या एसटीने निघतो, एखादे ठिकाण पाहतो, डबे सोडून एकत्र जेवतो आणि दिवेलागणीला घरी परततो. कोणाची मुले पुण्यात, कोणाची परदेशात. आमच्यातल्या एकीचे यजमान गेल्यापासून ती आठवडा आठवडा कोणाशी धड बोललेली नसते. या सहलीला कोणी म्हाताऱ्यांची हौस म्हणत असेल तर म्हणो. आमच्यासाठी ते औषधाइतके गरजेचे आहे.

मागच्या खेपेला औंधला गेलो होतो. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय लागते. आमच्यातले चित्रकलेचे मास्तर जन्मभर पुस्तकातले छापील रविवर्मा दाखवून मुलांना शिकवत आले. तिथे रविवर्म्याचे मूळ चित्र त्यांनी हातभर अंतरावरून पाहिले. हेन्री मूरचे शिल्प एवढ्याशा गावात आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांना तिथवर एसटीनेच नेले. साहेब, आमचा राग एसटीवर नाही. एसटीवर जीव आहे, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

सकाळी निघतानाचेच पाहा. आमच्या स्थानकात फलाटासमोरचे डांबर उखडून खड्डा पडला आहे. गाडी त्या खड्ड्यापुढे उभी राहते, त्यामुळे पहिली पायरी आणखी वर जाते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आमच्यातल्या एका बाईंनी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा अजून जमिनीवर होता आणि घंटी दोनदा वाजली. मागे उभ्या असलेल्यांनी त्यांना अक्षरशः उचलून आत ढकलले. मी त्या वाहकाला दोष देणार नाही. वेळेत फेरी पुरी केली नाही तर जाब त्यालाच द्यावा लागतो. पण माणसांना चढा-उतरायला लागणारा वेळ त्या वेळापत्रकात कोणी धरला आहे का? आणि खड्ड्यात दोन पाट्या खडी पडायला किती वर्षे लागतात?

आता एक गोष्ट लिहितो, जी आमच्या वयाची माणसे सहसा बोलून दाखवत नाहीत. प्रवासाच्या दिवशी आमच्यातले बरेचजण सकाळपासून पाणी पीत नाहीत. कोणाला मधुमेह, कोणाला प्रोस्टेटचा त्रास. वाटेतल्या ज्या स्थानकात आम्ही गाडी बदलतो, तिथल्या महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते. किल्ली कोणाकडे आहे, ते चौकशीच्या खिडकीत ठाऊक नसते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात पाणी नसते. भर उन्हात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसे तहान मारून बसतात, कारण जायला जागा नाही. आपल्याला हे ठाऊक नाही असे मला वाटत नाही. त्या कुलपाबद्दलचा आमचा अर्ज आपल्या कार्यालयाच्या पोच-शिक्क्यासह माझ्याकडे आहे.

आणि त्या दिवशी औंधहून परतीची गाडी आलीच नाही. वेळापत्रकात होती, सकाळी विचारले तेव्हाही ‘आहे’ असे उत्तर मिळाले. आगाराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग एखाद्या लिपिकावर कारवाई करून आपण विषय मिटवाल. आम्ही थांब्यावर बसून राहिलो. भिंतीवर रंगवलेल्या नंबरला फोन केला, तो वाजत राहिला. अंधार पडला. सर्वांत वयस्कर गृहस्थ एक्क्याऐंशीचे. त्यांना रात्रीचे नीट दिसत नाही. ते पुन्हा पुन्हा उठून रस्त्याच्या कडेला जात, लांबून दिवे दिसले की हात दाखवत, आणि आम्ही त्यांना दंड धरून मागे आणत होतो. तासाभराने एका शाळकरी मुलाने सांगितले, ‘आजोबा, ती गाडी रद्द झालीय, कालपण नव्हती.’ जे त्या मुलाला माहीत होते, ते सकाळच्या खिडकीला माहीत नव्हते काय? शेवटी वडाप ठरवले. जीपमध्ये दाटीवाटीने बसून, पेन्शनीतून पैसे मोजून, रात्री उशिरा घरी पोचलो. मोफत प्रवासाचा हक्क असलेली माणसे त्यात होती.

चालक कमी, गाड्या जुन्या, हे आम्हालाही दिसते. गाडी रद्द करावी लागली तर करा. पण ती रद्द झाल्याचे पुढच्या थांब्यावर वेळेत सांगायला नवी गाडी लागत नाही, एक फोन लागतो.

हे सगळे मी प्रवाशांच्या तक्रारी ऐकण्यासाठीच्या ‘प्रवासी राजा दिना’ला आगारात येऊन आपल्यासमोर मांडले होते. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, चहा दिलात. खड्डा पावसाळ्याआधी बुजवू, कुलूप आठवड्यात काढू, रद्द फेऱ्यांची माहिती फलकावर लावू, अशी तीन आश्वासने आपण स्वतःच्या तोंडाने दिलीत. पावसाळा येऊन गेला. खड्ड्यात पाणी साचून आता तो आणखी रुंद झाला आहे. कुलूप तेच आहे. फलक काळा आणि कोरा आहे. महोदय, आश्वासन देतानाच ते पाळायचे नव्हते, की पाळायचे राहून गेले? दोन्हींपैकी जे खरे असेल, ते आम्हाला सांगा.

मोफत प्रवाशांकडून उत्पन्न नाही, असे आपल्या खात्यात कोणी म्हणत असेल, तर त्यांना आठवण करून द्यावी की आमच्या सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देते. पंचाहत्तरच्या आतले आम्ही तर अर्धे पैसे रोख मोजतो. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, ती वाढही आम्ही कुरकुर न करता दिली. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून गावोगावच्या माणसांनी ही एसटी आपली मानली आहे. आम्ही त्यातलेच आहोत. आपल्या दारात दान मागायला आलेलो नाही.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आम्ही गोंदवल्याला जायचे ठरवले आहे. येताना संध्याकाळची शेवटची गाडी धरायची आहे. ती सुटणार की नाही, हे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपल्या कार्यालयातून कोणी आम्हाला कळवेल का? फोन नंबर आपल्याकडे पडून असलेल्या प्रत्येक अर्जावर लिहिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोबत्यांच्या वतीने