थकबाकी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात झाडाझडती सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पितळेची भांडी चिंचेने घासली जातात आणि माझ्या पुस्तकांना 'ही खरंच लागतात का?' या प्रश्नाला सामोरे जावे लागते. या सफाईतून आमची मोटारही सुटत नाही. दरवर्षी मी स्वतः तिला धुतो, पॉलिश करतो. गेल्या दिवाळीला तर नवी सीटकव्हरेही घातली. "गाडी नव्यासारखी दिसते हं!" असे शेजारी म्हणाले, आणि मलाही ते खरे वाटले. बॉनेट मात्र मी उघडले नव्हते.

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की यंत्राशी माझा संबंध दुरून नमस्कार करण्यापुरता. वाक्यातला कर्ता कुठे दडून बसला आहे ते मी चटकन सांगेन. पण इंजिनात कोण कर्ता आणि कोण कर्म, हे मला विचारू नये.

ही मोटार मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाला मिळाली, आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत आमच्यासारख्या किती घरांत पहिली मोटार म्हणून तीच आली! आमच्याकडे ती २००७ साली वडिलांनी आणली, निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून. २०२२ मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा फेरतपासणी करवून पुढच्या पाच वर्षांची नोंदणीही वडिलांनीच करून आणली. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. कागदोपत्री गाडी माझ्या नावावर झाली. तिची काळजी मात्र बाबांच्याच नावावर राहिली.

यंदा भाऊबीजेला बहिणीकडे छिंदवाड्याला जायचे ठरले. सावनेर, सौंसर आणि पुढे सिल्लेवानीचा घाट, असा तो रस्ता. सौ. म्हणाली, "घाट आहे, मुलं बरोबर आहेत. एकदा दाखवून तरी आणा." मी मोठ्या उपकाराच्या भावनेने गाडी गणेशपेठेतल्या गॅरेजात नेली. तिथले मिस्त्री बाबांचे जुने परिचित. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत बसून ब्रेक दाबला आणि माझ्याकडे पाहिले.

"काहून सर, तीन वरसं कुठं होते तुम्ही?"

"अहो, गाडी काही कुरकुर करत नव्हती. छान चालून राहिली होती," मीही नागपुरीत उतरलो.

"चालून राहिली होती सर. थांबून कुठं राहिली होती?"

चाके निघाली. मागच्या ब्रेकच्या चपलांवरचे अस्तर झिजून जवळजवळ लोखंडाला टेकले होते. डबीतले ब्रेक ऑइल चहाच्या काढ्यासारखे दिसत होते. मिस्त्री म्हणाले, हे तेल हवेतली ओल शोषून घेते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. घाटाच्या उतारावर सारखा ब्रेक दाबला की चाकाशी उष्णता वाढते, तेलातल्या त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली तर नुसती दबते, जोर पुढे पोचवत नाही. पाय तळाला जातो आणि गाडी तशीच पुढे जाते. छिंदवाड्याहून परतताना सिल्लेवानीचा सगळा उतारच. पुढचे मी विचारले नाही.

मला आठवले की हल्ली ब्रेक पूर्वीपेक्षा खोल दाबावा लागत असे आणि हँडब्रेकही दोन-तीन दाते जास्त वर येई. पण हे एका दिवसात झाले नव्हते. रोज केसभर झाले, आणि माझा पाय रोज केसभर खाली जायला शिकला. बिघाड हळूहळू आला की आपण त्याला बिघाड म्हणत नाही, सवय म्हणतो. याच ब्रेकच्या भरवशावर मी रोज मुलीला शाळेत सोडत होतो.

मग मिस्त्रींनी टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले: १२१८. म्हणजे २०१८ सालचा बारावा आठवडा. ती टायरची जन्मतारीख. मी इतकी वर्षे तो कंपनीचा काही गुप्त क्रमांक समजत होतो! वरची नक्षी अजून शिल्लक होती; ती १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. पण नागपूरच्या उन्हाने कडेच्या रबराला बारीक भेगा पाडल्या होत्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्या उन्हात माणूस सावली शोधतो, गाडी कॉलेजच्या आवारात दिवसभर उभी असते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी मी उन्हाळाभर ओतलेले नळाचे पाणी होते, गंजाने तांबूस झालेले.

"बाबूजींची वही कुठं आहे?" मिस्त्रींनी अचानक विचारले.

कसली वही, मला कळेना. त्यांनीच डॅशबोर्डच्या खणात हात घालून विम्याच्या कागदांखालून ती काढली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या पानापासून बाबांचे टपोरे अक्षर: तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. दर पाच हजारांना इंजिन ऑइल. साठ हजारांना टायमिंग बेल्ट. शेवटची नोंद नोव्हेंबर २०२२ ची, १,१९,४०० किलोमीटरची. आणि खाली दोन रेघा मारून लिहिले होते:

'१,२०,००० ला: टायमिंग बेल्ट. ब्रेक ऑइल. टायर पाहणे. विसरू नये.'

मी मीटर पाहिला. १,४२,६०० झाले होते.

टायमिंग बेल्ट हा इंजिनातल्या झडपांची उघडझाप ठरल्या वेळी करवणारा दातेरी रबरी पट्टा. तुटण्यापूर्वी तो बहुधा काही आवाजही करत नाही. तुटला की गाडी जागच्या जागी बंद. घरातली जी माणसे कुरकुर करत नाहीत, त्यांच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते, त्यातलाच हा प्रकार.

मिस्त्रींनी सगळ्या कामांचा अंदाज दिला: एकोणीस हजार. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, गाडीची किंमत तरी तेवढी येईल का?" प्रश्न रास्त होता. दिवाळीचा खर्च समोर होता. बाजारात गाडीचे फार तर चाळीस हजार येतील. रात्री मी वही पुढे घेऊन बसलो, आणि लक्षात आले की हा हिशेब गाडीच्या किमतीशी मांडायचाच नाही. आत बसणाऱ्या चार माणसांशी मांडायचा. २०२७ मध्ये नोंदणीची मुदत संपेल तेव्हा ठेवायची की मोडीत काढायची ते ठरवू. तोवर ती रस्त्यावर आहे, आणि रस्त्यावर आहे तोवर ती थांबली पाहिजे.

मिस्त्रींनी क्रमही लावून दिला. थांबणे आधी: ब्रेक आणि टायर. मग चालणे: बेल्ट, कूलंट, इंजिन ऑइल. दारावरचा पोचा आणि खरखरणारा रेडिओ संक्रांतीनंतर. मिरवणे सर्वांत शेवटी. मी नेमका उलट्या टोकापासून, सीटकव्हरांपासून, सुरुवात केली होती!

बाकी थकते आणि माणूसही थकतो. मराठीत दोन्हीला क्रियापद एकच. वर्गात हे मी कितीदा गमतीने सांगितले असेल. राहून गेलेल्या कामाचे ओझे कुणीतरी मुकाट्याने वाहत असते आणि ते वाहून थकत असते, हे मात्र त्या गॅरेजात उभे राहिल्यावर कळले. आमच्या घरी इतकी वर्षे ही बाकी थकली नाही, कारण कुणीतरी ती दर पाच हजार किलोमीटरला गुपचूप भरत होते. आम्ही त्याला 'बाबांचा छंद' म्हणत होतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही छिंदवाड्याच्या तयारीत असू. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची आणि ब्रेकवर सारखा पाय द्यायचा नाही, अशी मिस्त्रींची ताकीद आहे. काल गाडी घरी आली. मी वही उघडली, बाबांच्या दोन रेघांखाली तारीख घातली आणि लिहिले: '१,४२,६००. टायमिंग बेल्ट, ब्रेक ऑइल, टायर. उशीर झाला.'

त्याखाली पुढच्या कामाचा आकडा लिहिला: १,४७,६००.