ई-म्यूल लिनक्सवर कसं पोहोचलं? कोड खुला असूनही काम सोपं का नव्हतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. जुना कॉम्प्युटर असलेले अनेकजण आता लिनक्सचा विचार करतात. पण रोजचं सॉफ्टवेअर तिथे चालेल का? ते 'ओपन सोर्स' असेल तर चालेलच, असा समज असतो. प्रत्यक्षात तसं नसतं.

ई-म्यूलचं उदाहरण पाहा. २००२ मध्ये विंडोजसाठी आलेल्या या फाइल शेअरिंग सॉफ्टवेअरचा कोड जीपीएल लायसन्सखाली खुला होता. पण त्याच्या विंडो, बटणं, मेन्यू सगळं मायक्रोसॉफ्टच्या 'एमएफसी' लायब्ररीवर उभं होतं. ती लिनक्सवर नाही. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा भाग 'डब्ल्यूएक्सविजेट्स' ही लायब्ररी वापरून नव्याने लिहावा लागला. छोटे फरकही होतेच. फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर विंडोज सहसा एकच मानतं, लिनक्स वेगळं.

हे काम आधी एल-म्यूल, मग एक्स-म्यूल या नावाने झालं. पुढे डेव्हलपर्समध्ये मतभेद झाले आणि २००३ मध्ये ए-म्यूल वेगळं झालं. जीपीएलमुळे झालेलं काम सोबत नेता आलं. ए-म्यूल टिकलं.

थोडक्यात, खुला कोड म्हणजे बदल करण्याची परवानगी. मेहनत कोणाला तरी करावीच लागते, आणि ती बऱ्याचदा बिनपगारी असते. म्हणून लिनक्सवर जाण्याआधी दोन गोष्टी तपासा: तुमच्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती आहे का, आणि तिचं शेवटचं अपडेट कधी आलं?