तिघऱ्याच्या वाटेवर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघून गुप्तेश्वराच्या टेकडीशेजारून जाणारा रस्ता तिघऱ्याच्या धरणाकडे पोहोचतो. आणि पौषातल्या सकाळी, धुके पुरते विरलेले नसताना, त्या वाटेने सायकल मारीत जाणाऱ्यास या प्रांताचे राजकारण जितके उमगते तितके महाराज बाड्यावरच्या सभांतून उमगत नाही, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे. चढ लागला की सायकलस्वारास उतरावेच लागते, आणि उतरलेल्या माणसास भोवताली पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

मोहरी ऐन फुलोऱ्यात होती. गव्हाच्या ओल्या शेतात सारसांचे जोडपे चरत होते: राखी अंग, रक्तवर्ण मान, आणि चाल अशी की एक पाऊल उचलून क्षणभर अधांतरी धरावे व मग चिखल चाचपूनच खाली टेकवावे. माझी त्यांनी दखलही घेतली नाही. फरशीने लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली खडखडत आली तेव्हा मात्र ती दोघे बांधापलीकडे सरकली. पण सगळ्याच पक्ष्यांचे माणसाशी असे जमले नाही; याच जिल्ह्यात घाटीगावचे अभयारण्य १९८१ साली माळढोकासाठी घोषित झाले. इकडे त्यास सोनचिरैया म्हणतात. पक्षी नाहीसा झाला, निर्बंध मात्र उरले, आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीस मुकलेल्या गावकऱ्यांनी जंगलखात्यावर रोष धरला, यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

सांक नदीवरचे तिघऱ्याचे धरण माधवराव शिंदे महाराजांच्या अमदानीत १९१६ साली पुरे झाले आणि पुढच्याच पावसाळ्यात, पायाखालच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी झिरपून, फुटले. ते पुन्हा उभारण्यात आले, आणि आजही शहराची तहान मुख्यत्वे तेच भागवते. दरबारी राजवटीचे गोडवे गाण्याची सवय आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींस फार आहे, म्हणून हा अपघात मुद्दाम नमूद केला; तथापि पाण्याचा विचार राज्यकर्त्यांनी स्वतःचा मानावा ही रीत त्या काळी होती, एवढे श्रेय देणे प्राप्त आहे.

आजची रीत निराळी. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांनी पक्ष बदलला, त्यांच्या पाठीराख्या आमदारांनी राजीनामे दिले आणि राज्यातले कमलनाथांचे सरकार गेले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत ग्वाल्हेर पूर्व मतदारसंघात मुन्नालाल गोयल आणि सतीश सिकरवार हे २०१८ चेच प्रतिस्पर्धी पुन्हा समोरासमोर आले, फरक इतकाच की दोघांनी एकमेकांचे पक्ष घेतले होते. त्या धामधुमीत स्वर्णरेखेचे नाव किती व्यासपीठांवरून निघाले? शहराच्या मधून वाहणारी ही नदी काँक्रीटने बांधून काढली गेली, सांडपाण्याने भरली, आणि आता तिच्यावरून उन्नत मार्ग नेण्याचे काम चालू आहे; म्हणजे नदी आहे हे वाहनचालकास कळण्याचीही सोय उरणार नाही.

याउलट चंबळचे पाणी ग्वाल्हेरात आणण्याच्या योजनेवर सर्वपक्षीय उत्साह आहे. तहान खरी आहे, हे कोणी नाकारू नये. परंतु चंबळ हे घडियालांचे या देशातील सर्वांत मोठे आश्रयस्थान आहे, आणि उन्हाळ्यात प्रवाह उतरला की त्या सुसरींस खोल डोह लागतात. तेव्हा आपली नदी गटार करून टाकणाऱ्या शहराने दुसऱ्याच्या नदीत नळ घालण्यापूर्वी काही हिशेब द्यावा, ही अपेक्षा गैर नव्हे. मोतीझीलच्या शुद्धीकरण केंद्रातून सुटलेल्या पाण्यापैकी किती घरोघर पोहोचते, किती वाटेत गळते, आणि स्वर्णरेखेत पडणारे नाले कधी बंद होणार, याचे उत्तर महापालिकेने प्रभागवार छापावे. महापालिकेची मागील निवडणूक २०२२ मध्ये झाली. पुढच्या वेळी जो उमेदवार आमच्या लष्करातील दारी येईल त्यास मी हेच तीन प्रश्न विचारणार आहे, आणि तो सध्या कोणत्या पक्षात आहे हे त्याने उत्तरे देऊन झाल्यावर सांगितले तरी माझी हरकत नाही.